सतरा नंबरचा फॉर्म जरा बाजूला ठेवा

पत्र: माझा मुलगा यंदा दहावीत आहे. आम्ही हर्णैजवळच्या वाडीत राहतो. हे होडीवर खलाशी आहेत, मी बंदरावर मासळी विकते. आठवीपासून वर्गातली चार-पाच मुलं त्याला 'सुकट' म्हणतात. तो एस.टी.त चढला की नाक धरून खिडक्या उघडतात. गेल्या वर्षी दप्तरात सुके बोंबील टाकले आणि त्याचा रडका चेहरा मोबाइलवर घेऊन ग्रुपवर फिरवला. सरांना सांगितलं तर म्हणाले, मस्करी करतात, मनावर घेऊ नको. गणितात चांगला आहे, फिशरीजला जायचं म्हणायचा. आता मासळीचं नाव काढू देत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून दहावी देतो आणि मग पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट करतो म्हणतो. हे म्हणतात, एक ऑगस्टला होडी पाण्यात गेली की माझ्याबरोबर येऊ दे. मी त्याचा युनिफॉर्म डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवते, पालकसभेलाही जात नाही. कधी कधी म्हणतो, मी नसतो तर तुझी कटकट गेली असती. बाकावरचा एक मित्र मात्र अजून गृहपाठ पाठवतो. काय करू?

ताई,

फॉर्मचं मागाहून बोलू. 'मी नसतो तर' हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, मला ते सगळ्यात आधी घ्यायचंय. आज जेवणं उरकली की त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का रे?" असं विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतील ही भीती खोटी आहे. कुणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. हो म्हणाला, किंवा नुसताच गप्प बसला, तर त्याला एकटं ठेवू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लावा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ हाही तसाच. डॉक्टरांकडे न्यायला कमीपणा मानू नका. ताप आला असता तर नेलाच असता ना?

आता सरांच्या 'मस्करी'बद्दल. मस्करी असती तर ती फिरत फिरत सगळ्यांच्या वाट्याला आली असती. तिसरं वर्ष लागलं तरी नाव एकाचंच आहे, करणारे चार-पाच आणि सोसणारा एकटा. डॅन ओल्वेउस या नॉर्वेच्या मानसशास्त्रज्ञाने शाळेतल्या अशा छळाच्या अभ्यासाचा पाया घातला. मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि ज्याला उलटून काही करता येत नाही त्याच्याशी केलेलं, या त्याने सांगितलेल्या तीन खुणा. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत.

मी करिअरचा सल्ला देणारा माणूस, तरी यावर इतका वेळ का घालवतोय? ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची माहिती पुढे अनेक दशकं ठेवली गेली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना वरचेवर छळलं गेलं होतं, ती माणसं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात नैराश्य जास्त आढळलं आणि शिक्षणही कमी झालेलं दिसलं. त्यांतल्या पुरुषांत बेकारी जास्त, मिळकत कमी. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, पण 'मोठा झाला की विसरेल' हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

माझ्या टेबलासमोर अशी मुलं येतात. आर्ट्स का, तर 'ती' मुलं सायन्सला जाणार म्हणून. पुणे का, तर तिथे कुणी ओळखत नाही म्हणून. तुमच्या मुलाचं हॉटेल मॅनेजमेंट मला त्याच जातीचं वाटतं. (तिथल्या किचनमध्ये सुरमई त्यालाच साफ करायला लावतील, हे त्याला सांगा. हसला तर बरंच.) पदार्थ करायची खरी आवड असेल तर जरूर जावं. पण तसं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही.

सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. ज्यांची शाळा सुटली त्यांना त्याने दहावी दिली. पण बाहेरून बसणाऱ्याला एक संपर्क शाळा घ्यावी लागते, प्रकल्प आणि तोंडी परीक्षा तिथे द्याव्या लागतात. ती शाळा जवळपासचीच असणार, कदाचित हीच. म्हणजे चार पोरं चुकवण्यासाठी वर्षभराचं गणित-विज्ञान घरी एकट्याने करायचं आणि शेवटी कदाचित पुन्हा त्याच फाटकातून आत जायचं. शाळेने कानावर हात ठेवले तर तो मार्ग आहेच, किंवा दुसरी शाळा आहे. आधी शाळेला तिचं काम करायला लावू.

तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, एकदा अनुभव घेतलात. वहीत तारखेनिशी लिहून काढा: कधी, कुठे, कुणी, काय, कुणी पाहिलं. ग्रुपवरचा तो व्हिडिओ कुणाकडे असेल तर पुसायच्या आत त्याचा स्क्रीनशॉट घ्या, पण पुढे पाठवू नका. मग मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तसा २०२२चा शासन निर्णय आहे. तिचाही उल्लेख करा. आठवडाभरात हालचाल नसेल तर तोच अर्ज दापोलीला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. रॅगिंग म्हणजे कॉलेजातलं, असा समज आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्याने चिडवणं, शिवीगाळ आणि लाज वाटेल असं वागणंही त्यात धरलं आहे, आणि लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. तीही पंधरा वर्षांची पोरंच आहेत, आणि नाक धरणाऱ्यांच्या घरी रविवारी काय तळलं जातं ते बंदरावर बसणाऱ्या बाईला मी काय सांगू!

कोकण मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, आपण पेढे वाटतो. परीक्षेपर्यंत पोचूच न शकलेलं पोर त्या टक्केवारीत कुठे दिसत नाही. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे म्हणून बघा.

आणि त्या डांबराच्या गोळ्या आजच काढून टाका. रागावू नका, पण तुम्ही पेटी बंद करता तेव्हा त्याला कळतं की आईलाही हा वास लपवायचाच वाटतो. पालकसभेला जा. बंदरावरून तशाच गेलात तरी चालेल.

त्याच्या वडिलांना सांगा, त्यांचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. उधाण-भांगेचं, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचं, गणित, वारा, जाळ्यांचा हिशोब, हे त्याने त्यांच्याकडूनच उचललंय आणि पुढे तेच कामी येईल. पण पंधराव्या वर्षी तोंड लपवायला होडीवर चढणं आणि विसाव्या वर्षी शिकून चढणं यात फरक आहे. दहावीनंतर सायन्स घेऊन बारावीला जीवशास्त्र ठेवलं आणि सीईटी दिली, तर रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचंच ते कॉलेज, पदवी चार वर्षांची. एवढं शिकायचं नसेल तर केंद्र सरकारची कोचीची सिफनेट संस्था दहावीवर, गणित-विज्ञान असलेल्यांना, मासेमारी जहाजावरच्या नेव्हिगेटरचं आणि मरीन फिटरचं प्रशिक्षण देते. मर्चंट नेव्हीत पाठवतो म्हणून कुणी एजंट पैसे मागू लागला तर दारातूनच परत पाठवा. यातलं काहीही आज ठरवायचं नाही. शाळेतलं निस्तरलं, दिवाळी झाली, की त्याला पुन्हा विचारा. तेव्हाही मासळी नको म्हणाला तर त्याचं ऐका.

राहिला तो गृहपाठ पाठवणारा मित्र. कॅनडात शाळेच्या मैदानावरच्या मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा दुसरं मूल मध्ये पडलं की निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. मीही शाळेत असताना एका मुलाच्या तोतरेपणावर सगळ्यांबरोबर हसलोय. आमच्यातला एक जरी उठून त्याच्या शेजारी बसला असता तर मी नक्कीच गप्प झालो असतो, मला माझी हिंमत ठाऊक आहे. तेव्हा त्या मित्राला घरी जेवायला बोलवा आणि एवढंच विचारा: सोमवारच्या सकाळच्या एस.टी.त तू याच्यासाठी शेजारची जागा धरशील का?