ए-वन टीम इंडियाचा तक्ता करताना मी खाल्लेली माती

तुमचा प्रश्न वाचला आणि हसावं की रडावं कळेना. ए-वन ग्रांप्री या मोटार शर्यतींच्या मालिकेतल्या भारतीय संघाचे हंगामवार चालक लिहायला घेतलेत, तीन ठिकाणची माहिती तीन तऱ्हेची निघाली, आणि "संघ २००७ मध्ये जिंकला की २००८ मध्ये" इथे अडलात. अगदी याच जागी मी आपटलो होतो, तेही छापील कागदावर.

मालिका काय होती, एक देश एक गाडी वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडतो.

२०१० साली एका दिवाळी अंकासाठी मी या संघावर लेख लिहिला. सोबत तक्ता. वहीत पट्टीने रेघा मारून पाच रकाने पाडले: २००५, २००६, २००७, २००८, २००९. चीनमधल्या झुहाईचा विजय २००७ खाली, इंग्लंडातल्या ब्रँड्स हॅचचा २००८ खाली. आणि त्या तक्त्याकडे बघून मोठ्या थाटात वाक्य लिहिलं, "लागोपाठ दोन हंगाम विजय मिळवणारा संघ". संपादक मित्रालाही ते इतकं आवडलं की त्याने चौकटीत घेतलं.

अंक आल्यावर एका वाचकांचा फोन. आवाजावरून वयस्कर. म्हणाले, "अहो, रणजीचं वर्ष कसं मोजता तुम्ही?" मी गप्प. "एका वर्षी सुरू होऊन पुढच्या वर्षी संपतं ना? मग यांचंही तसंच. डिसेंबर आणि मे एकाच हंगामातले."

झालं. १६ डिसेंबर २००७ ला झुहाई आणि ४ मे २००८ ला ब्रँड्स हॅच, दोन्ही २००७-०८ चेच. दोन्ही फीचर रेस (म्हणजे मोठी, मुख्य शर्यत), दोन्ही वेळा गाडीत नारायण कार्तिकेयन, आणि दुसऱ्या वेळी तर पोल पोझिशनवरून, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून. त्या हंगामात भारत दहावा आला. मुळात हंगाम होते चारच, २००५-०६ ते २००८-०९. माझे रकाने पाच! पाचव्याचं काय करायचं म्हणून मी तिथे "पुढे संघाने माघार घेतली" असं ठोकून दिलं होतं. माघार कसली, ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात सर्फर्स पॅराडाइजला व्हायची सलामीची फेरीच रद्द झाली. अख्खी मालिकाच बुडाली होती. पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं. मित्राने त्यानंतर माझ्याकडून एकही लेख मागितला नाही, हे वेगळं.

चालकांच्या नावांचं दुखणं निराळं आहे. खातरजमा करायला मी एका संबंधित संस्थेच्या कार्यालयात गेलो होतो (नाव घेत नाही, उगाच वाद नको). पहिल्या खेपेला "लेटरहेडवर अर्ज आणा". दुसऱ्या खेपेला "साहेब दौऱ्यावर". तिसऱ्या खेपेला एक झेरॉक्स हातात आली, शिक्का मारलेली. मी कृतकृत्य. घरी येऊन बघतो तर हंगाम सुरू होण्याआधीचं प्रसिद्धीपत्रक! त्यातली नावं म्हणजे जाहीर झालेले चालक. प्रत्यक्ष शर्यतीत कोण बसलं याचा पत्ता नाही. शिक्का बघून मी ते जसंच्या तसं उतरवलं, हा गाढवपणा माझा. पण तीन खेपांचं एसटी भाडं आणि तीन रजा आठवल्या की अजून डोकं फिरतं.

म्हणून माझं मत (मी पत्रकार नाही, हौशी आहे, चूभूदेघे): तक्ता हंगामाचा करूच नका, फेरीचा (म्हणजे एकेका ठिकाणच्या शर्यतींचा) करा. प्रत्येक फेरीसमोर स्प्रिंटला (छोट्या शर्यतीला) कोण, फीचरला कोण. नंतरच्या हंगामांत शुक्रवारी नवोदितांसाठी वेगळं सराव सत्र असे, तिथलं नाव शर्यतीत घुसडू नका. पहिल्या हंगामात करुण चंदोक आणि अरमान इब्राहिम. नारायण तिथे नाही म्हणून दचकू नका, २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनला जॉर्डन संघाच्या गाडीत होता. तो या संघात आला २००६-०७ मध्ये. पार्थिव सुरेश्वरनचं नाव हमखास सुटतं, तेवढं बघा. २००८-०९ ला लोला-झायटेकची जुनी गाडी जाऊन फेरारीच्या इंजिनाची नवी गाडी आली, गाड्या वेळेत तयार झाल्या नाहीत, इटलीतल्या मुजेल्लोची सलामीची फेरी रद्द झाली. त्यामुळे आधी छापलेल्या वेळापत्रकावरून फेऱ्या मोजल्यात तर आकडा चुकणारच.

अवांतर: जुन्या मराठी कात्रणांत शोधताना "नारायण" आणि "नरेन" दोन्ही टाका, "चंदोक" आणि "चंढोक"ही.

अति अवांतर: तुमच्या प्रश्नाखाली एकाने फोर्स इंडियाचे चालक याच यादीत जोडायला सुचवलंय. कृपा करून नको. तो फॉर्म्युला वनचा संघ होता, कारखाना इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला, आणि २००८ ते २०१८ मध्ये शर्यतीत एकही भारतीय चालक नाही. नावात इंडिया असलं म्हणून काय झालं? २००९ ला बेल्जियममधल्या स्पाला त्यांच्या फिसिकेलाने पोल घेऊन दुसरा नंबर काढला तेव्हा मीही घरात नाचलो होतो, पण म्हणून तो आपल्या तक्त्यात बसत नाही.

तक्ता झाला की इथेच टाका, माझ्या वहीशी ताडून बघतो. वही तीच आहे, फक्त पाचवा रकाना खोडलाय.