वाचक विचारतात : नोकरदार शिपायांना बॅटल ऑनर कसे?

प्रश्न : लंडनला मुलाकडे गेलो होतो, तिथे परेडमध्ये किल्टवाले (स्कॉटिश घागरा नेसलेले) सैनिक दिसले पण किल्ट चौकडीचा नाही, साधा करडा-मातकट. मुलगा म्हणाला हे लंडन स्कॉटिश, रिझर्व्हवाले, एरवी नोकऱ्या करतात. मग यांना एवढे बॅटल ऑनर, म्हणजे पलटणीच्या नावावर लागणारे लढायांचे मान, कुठून मिळाले? आणि लंडनमध्ये स्कॉटिश पलटण, हे काय गौडबंगाल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गौडबंगाल काही नाही हो. 1859 साली फ्रान्स चाल करून येतो की काय अशी इंग्लंडमध्ये हवा होती, जिकडेतिकडे स्वयंसेवक पलटणी निघाल्या, तेव्हा लंडनमधल्या स्कॉटिश मंडळींनीही आपली वेगळी काढली. प्रमुख लॉर्ड एल्को. आता स्कॉटिश म्हणजे प्रत्येक कुळाचं टार्टन, म्हणजे चौकडीचं कापड, वेगळं, एकाचं घेतलं की दुसरा रुसणार, म्हणून यांनी हॉडन ग्रे नावाचं साधं जाडंभरडं कापड घेतलं. शिवाय हरणामागे जाणारा शिकारी जसा दिसू नये तसा सैनिकही दिसू नये असा त्यांचा हिशेब होता, आणि लाल कोटांच्या जमान्यात हे सुचणं म्हणजे कमालच म्हणायची.

पहिला ऑनर दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचा. पण पलटणीचं नाव झालं ते 31 ऑक्टोबर 1914 ला, बेल्जियममधल्या मेसीनला. तोवर मागे रेल्वे वगैरेची कामं चालली होती, अचानक लंडनच्याच मोटार बसमध्ये बसवून यांना बेल्जियममधल्याच ईप्र शहराकडे नेलं आणि टेकडीवर उभं केलं. टेरिटोरियल म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या पायदळातली लढाईत उतरलेली ही पहिली पलटण. त्यात रायफली अशा की नव्या टोकदार गोळ्या मॅगझिनमधून नीट चढेनात, मग रात्रभर जर्मन हल्ले येतायत आणि हे बँकवाले-ऑफिसवाले अंधारात एकेक गोळी हाताने भरून झाडतायत! सातशेच्या आसपास लोक होते, त्यातले जवळजवळ चारशे मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. सकाळी मागे हटावं लागलं, मेसीन जर्मनांकडेच गेलं. (त्याच दिवशी थोडं उत्तरेला होलेबेकला ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या 129 बलुची पलटणीचे खुदादाद खान मशीनगनवर टिकून राहिले, भारतीय सैनिकाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, तो.)

तर ऑनर फक्त जिंकल्याबद्दल मिळतो हा समज सोडा. पहिल्या महायुद्धासाठी नियम असा की पलटणीचं हेडक्वार्टर आणि निदान निम्मे लोक त्या लढाईत हजर पाहिजेत, पगारी की रविवारचे हे कोणी विचारत नाही. म्हणून फ्रान्समधल्या सोम, अरास या लढाया आणि दुसऱ्या बटालियनमुळे पार डोइरान, जेरुसलेमही यादीत आहेत. दुसऱ्या महायुद्धातलं इटलीतलं आन्झिओ आहे. इटलीतच जानेवारी 1944 मध्ये प्रायव्हेट जॉर्ज मिचेल एकट्याने मशीनगनवर धावून गेला, ठाणी घेतली, आणि शेवटी शरण आलेल्या एका जर्मनानेच बंदूक उचलून त्याला गोळी घातली. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

प्रश्न : हॉलिवूडचे नट या पलटणीत होते म्हणतात, खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खरंय, आणि एक नाही चार. रोनाल्ड कोलमन मेसीनलाच जखमी झाला, क्लॉड रेन्सची एका डोळ्याची नजर गॅसने जवळजवळ गेली, हर्बर्ट मार्शलचा पाय गेला आणि पुढे तो लाकडी पायानेच हिरोची कामं करायचा. चौथा बेसिल रॅथबोन, पडद्यावरचा शेरलॉक होम्स. पलटण म्हणून आता ती स्वतंत्र नाही, 2022 पासून स्कॉट्स गार्ड्स या पलटणीची ‘जी’ (G) कंपनी झालीय, पण नावात मेसीन ठेवलंय.