हात दिसले पाहिजेत

सांगली, शनिवार रात्र

चि. हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली थ्रीडी चित्रं दोनदा पाहिली. हात चांगला बसलाय तुझा. पण हळदीच्या अडत्याचं ऑफिस काळ्या-करड्या रंगात आणि वर प्रोफाइल लाइटच्या रेघा, हे बघून मला माझीच एक जुनी फजिती आठवली.

वीसेक वर्षं झाली असतील. इथल्याच एका पतसंस्थेचं काम मिळालं होतं. नुकत्याच मुंबईच्या बँका बघून आलेलो, डोक्यात हवा. काळ्या ग्रॅनाइटचा 42 इंची काउंटर केला, वर टिंटेड काच, खाली नोटा सरकवायला फट. उद्घाटनाला सगळ्यांनी वाहवा केली. महिन्याभरात मॅनेजरचा फोन आला, "बायाबापड्या पैसे भरताना कुरकुरतात हो." जाऊन कोपऱ्यात बसलो. पदर डोक्यावर घेतलेली एक आजी टाचा उंचावून आत बघत होती. कॅशियरचं तोंड तिला दिसत होतं, हात दिसत नव्हते. तिला तेच बघायचे होते, नोटा मोजणारे हात. मागचा एक ठेवीदार शेजाऱ्याला म्हणाला, "हा दगड आपल्याच पैशातनं आलाय न्हवं?"

बुडालेल्या पतसंस्था आपल्या लोकांनी जवळून बघितल्यात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. तिथं चकाकी बघितली की माणूस दिपत नाही, मनात हिशेब मांडतो. शेवटी काउंटर 30 इंचांवर आणला, काच काढली, पुढं खुर्च्या टाकल्या. खर्च माझ्या खिशातनं गेला, ते असो.

आता तुझा अडत्या. त्याच्याकडे येणार कोण? माल घेऊन आलेला शेतकरी आणि माल घेणारा व्यापारी. जुन्या पेढीवर गादी, लोड, पांढरी चादर असायची. शेठ आणि शेतकरी एकाच उंचीवर मांडी घालून बसायचे. तू शेठला उंच पाठीची फिरती खुर्ची दिलीस आणि समोर बुटका लेदर सोफा. त्या सोफ्यात रुतलेला माणूस भावाचं बोलणार कसा? गादीच कर असं मी म्हणत नाही, हल्ली गुडघे कोणाचे चालतात! पण दोन्ही बैठका सारख्या उंचीच्या ठेव, 17-18 इंच. शेठ कुरकुरेल, त्याला समजावणं हे तुझं काम.

पांढरी चकचकीत टाइल तर काढूनच टाक. ती बघून लोक चपला बाहेर सोडतात आणि चवड्यावर चालत आत येतात, देवळात आल्यासारखे. शिवाय हळदीची पूड त्या सांध्यांत बसली की घासून घासून पोरगा दमेल. खडबडीत कोटा फरशी घाल.

सगळ्यात मोठी चूक मात्र उजेडाची. 6500 केल्विनचा निळसर पांढरा उजेड, तोही स्वस्त एलईडीचा. अगं, इथं माल रंगावर विकला जातो. व्यापारी हळकुंड मोडतो आणि आतला रंग बघतो. त्या उजेडात चांगली राजापुरी हळदही फिकट, हिरवट दिसेल, आणि व्यापाऱ्याला वाटेल, शेठनं मुद्दाम असे दिवे लावलेत. नमुन्याचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी घे. संध्याकाळसाठी 4000 केल्विनचे, सीआरआय, म्हणजे खरा रंग दाखवायची क्षमता, 90च्या वर असलेले दिवे लाव. काळ्या भिंतीचं काय करायचं ते तूच ठरव, माझा तिला एवढा विरोध नाही.

आता तुझं दुसरं काम, नदीजवळच्या गावभागातल्या वकिलांचं ऑफिस, त्याबद्दल थोडक्यात. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या मजल्यांवरचे पार्टिकल बोर्ड पावासारखे फुगले. तिथले अशील आत आले की आधी फायली कुठं ठेवल्यात ते बघतात. त्यामुळे रॅक वरच्या मजल्यावर, दारातून दिसेल असं. खाली जे काही करशील ते आयएस 710 प्लायमध्ये, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायमध्ये.

सोमवारी सकाळी मार्केट यार्डात ये, सौदे सुरू व्हायच्या आधी. ओळखीच्या एका पेढीवर तासभर नुसतं बसू. टेप आण, लॅपटॉप नको. आणि कपडे जुने घाल, पिवळे होतील.

तुझा,
काका