कामगार नुकसानभरपाईचा विमा बंद करून स्वतःचा फंड उभारावा का?

वाचकाचा प्रश्न: इमारतींमध्ये नेटवर्क, टेलिफोन आणि फायबरच्या केबल टाकून देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. हाताखाली सहा माणसं आहेत. आजवर मोठा अपघात झालेला नाही, तरी कामगार नुकसानभरपाई विम्याचा प्रीमियम दरवर्षी भरतोय. यंदा पॉलिसी बंद करून ते पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत, सहाही जणांची स्वस्तातली वैयक्तिक अपघात पॉलिसी काढावी, दोघांना कागदोपत्री स्वतंत्र ठेकेदार दाखवावं आणि वाचलेल्या पैशांत फायबर जोडायचं मशिन घ्यावं, असं डोक्यात आहे. आमचं काम कमी व्होल्टेजचं. एवढा विमा खरंच लागतो का?

उत्तर: लागतो. यंदाही पॉलिसी चालू ठेवा, मशिन पुढे ढकला. अनेक देशांत हा विमा कायद्यानेच सक्तीचा आहे आणि तिथे तर प्रश्नच मिटतो. पण सक्ती नसती तरी माझं उत्तर हेच असतं, कारण तुमच्या फंडाचं गणित बसत नाही.

तेच आधी पाहू. समजा, पगाराच्या दर शंभरामागे तीन असा प्रीमियम आहे आणि सहाही जणांचा पगार सारखा आहे. म्हणजे वर्षाचा प्रीमियम एकूण पगारखर्चाच्या जेमतेम अकरा दिवसांइतका. आता तिशीतला एक मुलगा शिडीवरून पडला आणि कायमचा काम करण्याजोगा राहिला नाही असं धरा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1964च्या करारात (क्रमांक 121) कायमस्वरूपी पूर्ण अपंगत्वासाठी पत्नी आणि दोन मुलं असलेल्या कामगाराला आधीच्या कमाईच्या किमान 60 टक्के भरपाई धरली आहे. तीस वर्षांची कमाई गुणिले 60 टक्के, म्हणजे त्याचा अठरा वर्षांचा पगार. सहाजणांच्या पगारखर्चाच्या हिशेबात ही तीन वर्षांची रक्कम झाली. दरवर्षी तीन टक्के बाजूला टाकत गेलात तर ती जमायला शंभर वर्षं लागतील! व्याज आणि महागाई मी सोडून दिली आहे, दवाखान्याचा खर्चही धरलेला नाही. आणि अपघात फंड भरेपर्यंत थांबणार नाही, तो दुसऱ्या महिन्यातही होऊ शकतो.

‘कमी व्होल्टेज’ या शब्दाने मात्र तुमची दिशाभूल होते आहे. टेलिफोनच्या तारेत एरवी साधारण 48 व्होल्ट असतात (रिंग वाजताना जास्त), नेटवर्क केबलवरून वीज पुरवली तरी साधारण तेवढेच. त्याने माणूस सहसा दगावत नाही. दगावतो तो केबलपर्यंत पोचताना. तुमचा माणूस घडीच्या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहतो, डोकं फॉल्स सीलिंगच्या आत, एक हात केबल ठेवायच्या ट्रेला धरलेला, दुसऱ्याने केबल ओढतोय. शिडी सरकवायचा कंटाळा म्हणून तो कमरेतून बाजूला झुकतो. त्याच पोकळीत विजेच्या मुख्य वायरी असतात, एखादी सोललेली, आणि याच्या हातात केबल ओढायची पोलादी पट्टी. झटका सौम्य असला तरी तोल जायला पुरेसा आहे. सीलिंगच्या टाइलला वजन पेलत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घाईत माणूस तिच्यावर हात टेकतोच.

मॅनहोलमध्ये उतरायचं काम घेत असाल तर धोका आणखी गंभीर. साध्या हवेत सुमारे 20.9 टक्के ऑक्सिजन असतो. तो 19.5च्या खाली असेल तर उतरायचं नाही, आणि हे नाकाला कळत नाही, मीटरलाच कळतं. बेशुद्ध सहकाऱ्याला काढायला म्हणून दुसरा तसाच आत उतरतो आणि तोही जातो. अशा एका दुर्घटनेत तुमच्यावर दोन कुटुंबांची जबाबदारी येईल.

फायबरचं दुखणं वेगळं. आवरण काढलेला काचेचा तंतू 125 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याचा तुकडा कातडीत किंवा डोळ्यात गेला तर शोधणंही कठीण. जुन्या इमारतीत भोक पाडताना ॲस्बेस्टॉसची धूळ उडत असेल, तर आजार दिसायला वीस-तीस वर्षंही लागतात. म्हणून जुन्या पॉलिसी फेकू नका. दावा येईल तेव्हा त्या काळी विमा होता का, हेच विचारलं जाईल.

वैयक्तिक अपघात पॉलिसी चांगली गोष्ट आहे, पण ती याची जागा घेत नाही. ती ठरलेली रक्कम देऊन मोकळी होते. मालक म्हणून तुमची जबाबदारी तशीच उरते आणि कामामुळे जडलेला आजार तिच्यात बहुधा येत नाही. नुकसानभरपाईच्या कायद्याचं मूळ तत्त्व (जर्मनीत 1884, ब्रिटनमध्ये 1897) असं की कामावर इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. त्यामुळे ‘त्यानेच पट्टा बांधला नव्हता’ या सबबीवर सहसा सुटका होत नाही.

दोघांना ठेकेदार दाखवण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. त्यांची वेळ तुम्ही ठरवता, हत्यारं तुमची, काम फक्त तुमचंच, मग कागदावर काहीही लिहा, चौकशीत ते तुमचेच कामगार ठरण्याची शक्यता मोठी. बऱ्याच ठिकाणी वर्षाअखेरी विमा कंपनी पगारपत्रक तपासते आणि विमा नसलेल्या ठेकेदाराला दिलेली रक्कम तुमच्या पगारखर्चात धरून फरक वसूल करते. म्हणजे बचतही नाही. आणि तो खरंच पडला, तर त्याच्या घरच्यांना काय उत्तर देणार आहात?

प्रीमियम कमी करायचे सरळ मार्ग आहेत. पहिला, वर्गवारी. खांबावर चढणारा, इमारतीच्या आत केबल टाकणारा आणि ऑफिसात बिलं करणारा यांचे दर वेगवेगळे असू शकतात. हजेरीपटावर तास वेगळे मांडले नसतील तर सगळ्यांना महागडा दर लागण्याची भीती असते. दुसरा, डिडक्टिबल. किरकोळ इजांचा काही खर्च स्वतः सोसायची तयारी दाखवली तर प्रीमियम उतरतो. तुमचा वेगळ्या खात्याचा विचार इथे अगदी योग्य आहे. डिडक्टिबलच्या दुप्पट रक्कम त्यात कायम ठेवा. मात्र किरकोळ इजाही कंपनीला कळवा. लपवलेलं गुडघ्याचं दुखणं सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेवर आलं, तर उशिरा कळवल्याच्या कारणावरून वाद होतो.

तिसरा मार्ग दावे कमी करण्याचा. तुमचा दावा-इतिहास दरात धरला जातो का, हे विचारा. धरला जात असेल तर सुरक्षेवरचा खर्च काही अंशी परत येतो. नसला, तरी तो करायचाच. मी मशिनच्या बजेटमधून आधी योग्य उंचीच्या शिड्या घेईन. टेकवायच्या शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर असावा, हे माणसांकडून प्रत्यक्ष करून घेईन. मग वायर जिवंत आहे का ते दाखवणारा टेस्टर प्रत्येकाच्या खिशात, डोळ्यांना चश्मे, फायबरच्या तुकड्यांसाठी झाकणाचा डबा आणि मॅनहोलची कामं असतील तर गॅस मीटर. एवढं करूनही मशिनचे बरेचसे पैसे उरतील. तोवर मशिन भाड्याने आणा आणि भाडं त्या-त्या कामाच्या बिलात धरा. वर्षभरात भाड्याचा आकडा किमतीच्या निम्म्यावर गेला, तर बिनधास्त विकत घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायात मालक स्वतः या पॉलिसीत बहुधा आपोआप येत नाही, आणि शिडीवर तर तुम्हीही चढत असणार. तुमचं नाव जोडता येतं का, हे नूतनीकरणाआधी कंपनीकडून लेखी घ्या. येत नसेल तर अपघाताने किंवा आजाराने कमाई थांबल्यास दरमहा रक्कम देणारी पॉलिसी स्वतःसाठी घ्या, मशिनच्या आधी.