तांब्याचं कडं आणि झिंकच्या गोळ्यांनी आईचा संधिवात कमी होईल का?

तुमच्या आईंची बोटं सकाळी आखडतात आणि शेजाऱ्यांनी तांब्याचं कडं नि झिंकच्या गोळ्या सुचवल्यात, असं तुम्ही लिहिलंय. आधी एवढं बघा, आखडलेपणा किती वेळ राहतो? अर्ध्या तासात बोटं सुटत असतील तर बहुधा वयाची झीज. तास-तासभर मूठ वळत नसेल, सांधे सुजून गरम लागत असतील, तर कडं-गोळ्यांची वाट न बघता याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

मी घाई करतेय, कारण इंदूरला आमच्या मावशीनं दीड वर्ष कड्यावर काढलं. मनगटावर हिरवा डाग पडायचा, तर म्हणायची, "तांबं अंगात मुरतंय बघ." मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध सुरू झाल्यावर सूज उतरली, पण तोवर वाकलेली बोटं तशीच राहिली. आता पोळी लाटताना लाटणं तळव्यांनी ढकलते.

तांबं शरीराला लागतंच. कोलॅजेनचे, म्हणजे सांधे-हाडांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, धागे एकमेकांत घट्ट बांधणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्याशिवाय काम करत नाही. पण रोजची गरज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, ती डाळी, तीळ, शेंगदाण्यांतून भागते. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठानं २०१३ मध्ये संधिवाताच्या ७० रुग्णांवर कड्याची चाचणी केली. ना दुखणं कमी झालं, ना सूज.

झिंक रक्तात खरंच कमी निघालं तर डॉक्टर देतील. मनानं नको. रोज ५० मिलिग्रॅम बरेच आठवडे घेतलं, तर आतड्यातून तांबं शोषलं जाणंच कमी होतं.

आणि पाणी कुठलं पितात? आमचे मामा मध्य प्रदेशातल्या धारकडचे, म्हणून हे विचारते. धार-झाबुआच्या कित्येक बोअरना फ्लोराइड फार. लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. त्याहून बरंच जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की मान, कंबर, गुडघे धरतात आणि घरचे त्याला वातच समजतात. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण वाढतं. बोअरचं पाणी असेल तर पीएचईच्या (सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या) जिल्हा प्रयोगशाळेत बाटलीभर तपासायला द्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आईंच्या हातांचे फोटो सकाळी उठल्या उठल्या काढून ठेवा. दुपारच्या अपॉइंटमेंटपर्यंत सूज ओसरलेली असते.