वाचकांचे प्रश्न : रानमध कसा पारखावा, कसा वापरावा

होळी उलटली की सोलापुरात गल्लोगल्ली अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात पोळे घेऊन मध विकणारे फिरू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ या सदराकडे मधाविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतून पुढील सहा प्रश्न निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : दारावर आलेल्या विक्रेत्याकडून ‘जंगलातला अस्सल मध’ म्हणून एक किलो मध घेतला. पातेल्यात पोळ्याचा मोठा तुकडा होता, त्यामुळे शंका आली नाही. घरी सासूबाईंनी पाण्याच्या पेल्यात थेंब सोडला, तो सरळ तळाशी जाऊन बसला, म्हणून मध शुद्ध ठरला. शेजारच्या काकूंनी कापसाची वात बुडवून पेटवली, ती तडतडली, म्हणून तोच मध भेसळीचा ठरला. कोणाचे खरे मानावे?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : या दोन्हींपैकी कोणत्याही परीक्षेने मधाची शुद्धता ठरत नाही, हे आधी स्पष्ट सांगते. थेंब तळाशी जातो तो मध दाट असतो म्हणून; साखरेचा किंवा गुळाचा पाक तेवढाच दाट केला, तर त्याचाही थेंब तळाशीच बसतो. वात तडतडते ती पाण्याच्या अंशामुळे. आग्या माशीच्या ताज्या मधात पाण्याचे प्रमाण पुष्कळदा २० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे खऱ्या रानमधात बुडवलेली वात तडतडू शकते आणि चांगल्या आटवलेल्या पाकातली वात निमूटपणे जळत राहते. म्हणजे काकूंच्या परीक्षेत खरा मध नापास होण्याचा आणि खोटा मध उत्तीर्ण होण्याचा संभव आहे. मधाला मुंग्या लागत नाहीत, कुत्रे तोंड लावत नाही, कागदावर ओल उमटत नाही, या समजुतींवरही विसंबू नये.

भेसळ करणाऱ्यांचे तंत्र घरगुती परीक्षांच्या फार पुढे गेले आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. एनएमआर या प्रगत चाचणीत त्यांपैकी केवळ ३ ब्रँड टिकले, आणि ज्यांत भेसळ आढळली त्यांपैकी अनेक नमुने नेहमीच्या प्रयोगशाळा-चाचण्यांतून सुखरूप बाहेर पडलेले होते. साध्या चाचण्यांना चकवतील असे साखरेचे पाक मुद्दाम तयार केले जात असताना पेलाभर पाणी आपल्याला सत्य सांगेल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

पातेल्यातले पोळे हाही पुरावा नव्हे. मध काढून घेतलेले रिकामे पोळे पाकात बुडवून वर ठेवणे ही जुनी युक्ती आहे. शिवाय ‘जंगलातला’ या शब्दाचाच थोडा विचार करावा. आपला जिल्हा माळरानांचा आहे. नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झाले ते गवताळ माळामुळे, घनदाट अरण्यामुळे नव्हे. येथे आग्या मोहोळे लागतात ती वडा-पिंपळांवर, चिंचेवर, कालव्याकाठच्या झाडांवर, पाण्याच्या टाक्यांखाली आणि उंच इमारतींच्या सज्जांना. त्या माश्या कडुनिंब, बाभूळ, करंज यांच्याबरोबर करडई, सूर्यफूल आणि डाळिंबाच्या फुलांवरही जातात. हा मध रानटी माशीचा असतो, रानातला असतोच असे नाही, आणि ज्या बागांवर वरचेवर कीटकनाशके फवारली जातात त्यांच्या आसपासच्या मोहोळाबद्दल मला स्वतःला भरवसा वाटत नाही. सह्याद्रीतल्या जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्या फुलोऱ्यावरचा मध ही वेगळी वस्तू आहे आणि मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलातला मध हीसुद्धा वेगळी.

तेव्हा परीक्षा मधाची घेण्याऐवजी त्याच्या वाटेची घ्यावी. मोहोळ कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, कशावर लागलेले होते. पोळे पिळून मध काढला की फक्त मधाचा भाग कापून गाळला. हे ज्याला सांगता येते आणि पुढच्या वर्षी जो पुन्हा त्याच ठिकाणी भेटतो, त्याच्याकडून घ्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध हे गौण वनोपज म्हणून जंगलातल्या ग्रामस्थांच्या हक्काचे झाले आहे आणि केंद्र सरकारने २०२० मध्ये रानमधाचा किमान आधारभाव किलोला २२५ रुपये ठरवला होता. हा भाव मध गोळा करणाऱ्याच्या हाती पडावयाचा. त्यावर गाळणी, बाटली आणि शेकडो किलोमीटरची वाहतूक येते. एवढे लक्षात घेतले म्हणजे दारावर २५० रुपयांना मिळणाऱ्या ‘मेळघाटच्या मधा’विषयी वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. रानमधाचाच आग्रह नसेल, तर महाबळेश्वर परिसरातल्या मधपाळांचा सातेरी माशीचा मध हा चांगला पर्याय आहे. तेथील मांघर हे गाव २०२२ पासून ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते.

प्रश्न : मुलाने मेळघाटातून खात्रीचा मध आणला, पण तो पातळ आहे, वर फेस येतो आणि झाकण उघडताना फुस्स असा आवाज होतो. उलट महाबळेश्वरहून आणलेली बाटली थंडीत गोठून रवाळ झाली. दोन्ही तापवून घ्यावेत का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : रवाळ झालेल्या मधाची चिंता करू नका. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन शर्करा मुख्य असतात. ग्लुकोजचे प्रमाण जितके अधिक, तितका मध लवकर रवा धरतो, आणि १४ अंश सेल्सिअसच्या आसपास ही क्रिया सर्वांत वेगाने होते. तो साखरेच्या भेसळीचा पुरावा नाही. तसाच पोळीला लावून खावा, किंवा बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवावी.

फेसाळलेल्या मधाची गोष्ट निराळी आहे. माश्या पंखांनी वारा घालून मधातले पाणी कमी करतात आणि मध पक्व झाला की घरांवर मेणाचे झाकण घालतात. झाकण पडण्याआधीच पोळे काढले, किंवा अळ्या, परागकण आणि मध असे सगळे पोळे हाताने पिळले, तर त्या मधात पाणी जास्त राहते आणि यीस्ट वाढून तो आंबतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मधातल्या पाण्याची कमाल मर्यादा २० टक्के ठेवली आहे, ती यासाठीच. आपला मध खोटा नसावा, पण तो नीट काढलेला नाही. आंबूस वास किंवा मद्यासारखी चव आली असेल तर पोटात घेऊ नये. नुसता पातळ असेल तर फ्रीजमध्ये ठेवून महिन्या-दोन महिन्यांत संपवावा, आणि पुढच्या वेळी पिळलेला मध घेऊ नये.

तापवण्याविषयी आयुर्वेदाचा निषेध प्रसिद्ध आहे. रसायनशास्त्राच्या बाजूने एवढे निश्चित सांगता येते की उष्णतेने मधातली विकरे (एन्झाइम) निकामी होतात आणि एचएमएफ नावाचे संयुग वाढत जाते. मध किती तापला किंवा किती जुना झाला हे ज्यावरून ओळखतात ते हेच संयुग. ही वाढ केवळ चुलीवर होते असे नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या फडताळात ठेवलेला मधही हळूहळू तापतच असतो. कोकणात मधाला दमट हवेचा धोका असतो, सोलापुरात उन्हाचा. काचेची बरणी, घट्ट झाकण, कोरडा चमचा आणि घरातली सर्वांत थंड, अंधारी जागा एवढे पुरेसे आहे.

प्रश्न : आमच्या तेलुगू भाषक पद्मशाली घरात बाळ जन्मले की आजी त्याच्या जिभेला ‘तेने’, म्हणजे मध, लावते. माझ्या माहेरीही मध आणि तूप चाटवण्याची रीत आहे. डॉक्टर मात्र नको म्हणतात. शुद्ध रानमध असला तर चालेल ना?
— एक नवमाता, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : नाही, चालणार नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचा थेंबही देऊ नये, मग तो कितीही शुद्ध असो. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. मग बाळाला बद्धकोष्ठ होतो, रडणे क्षीण होते, मान टाकली जाते, दूध ओढता येत नाही आणि श्वासही अडखळू शकतो. हा आजार क्वचित होतो, परंतु झाला तर जिवावर बेततो. गाळल्याने किंवा कोमट केल्याने हे बीजाणू मरत नाहीत, आणि न तापवलेल्या रानमधाला तर यातून कोणतीच सूट नाही.

आजींच्या मनात माया आहे, हे मी जाणते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा तो मान पहिल्या वाढदिवसासाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी त्यांच्याच हातून मध चाटवावा. वर्षानंतर मात्र मधाचा चांगला उपयोग होतो. सर्दीच्या खोकल्याने रात्री झोपमोड होणाऱ्या लहान मुलाला निजताना अर्धा चमचा मध दिला तर आराम पडतो, असे अलीकडच्या वैद्यकीय अभ्यासांतही दिसले आहे. खोकला लांबला किंवा धाप लागली तर डॉक्टरांकडेच जावे.

प्रश्न : भाजल्यावर मध लावावा असे वडील सांगत. याला काही आधार आहे का?
— एक निवृत्त गिरणी कामगार, सोलापूर

उत्तर : आधार आहे, आणि तो आपल्याच गावातला आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५२ रुग्णांच्या जखमांवर मधात भिजवलेली पट्टी आणि ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे त्या काळचे प्रचलित औषध, अशी ती तुलना होती. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुरहित झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. पंधरा दिवसांत बऱ्या झालेल्या जखमांचे प्रमाण अनुक्रमे ८७ आणि १० टक्के भरले. जगभर मध आणि जखमा या विषयावर जे लिहिले जाते त्यात या शोधनिबंधाचा उल्लेख वारंवार येतो, आणि आपल्या सिव्हिलशी जोडलेल्या महाविद्यालयात झालेले हे काम सोलापूरकरांना फारसे ठाऊक नसावे याची मला खंत वाटते.

यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मध जखमेतले पाणी ओढून घेतो, त्यामुळे जंतूंना वाढता येत नाही. तो आम्ल असतो. आणि जखमेतल्या स्रावाने तो पातळ झाला की माशीने त्यात मिसळलेले विकर थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. पुढे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये घेतला गेला, तेव्हाही अर्धवट खोलीच्या, म्हणजे त्वचेच्या पूर्ण जाडीपर्यंत न पोहोचलेल्या, भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात, असेच आढळले.

तरीही एक मर्यादा पाळावी. हे उपचार रुग्णालयात, देखरेखीखाली झालेले आहेत, आणि आता जखमेसाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध वापरतात. घरी भाजले तर प्रथम वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली भाग धरावा. फोड मोठे असतील, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर स्वयंपाकघरातला मध न लावता तडक दवाखाना गाठावा.

प्रश्न : मधुमेहींना साखरेऐवजी रानमध चालतो का? वजन उतरवण्यासाठी सकाळी गरम पाण्यातून घ्यावा का?
— दोन वाचक, पंढरपूर

उत्तर : चालत नाही. मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम मधात १७ ग्रॅम शर्करा आणि ६४ कॅलरी असतात. तो शेवटी गोडच पदार्थ आहे आणि मधुमेहींनी तो साखरेच्याच हिशेबात धरावा. वजनाविषयी सुश्रुतसंहितेत एक भेद आहे, जो आज कोणी सांगत नाही: नवा मध पुष्टी देणारा आणि जुना मध मेद कमी करणारा मानला आहे. बाजारातला ताजा मध घेऊन वजन उतरवू पाहणाऱ्याला त्यामुळे परंपरेचाही आधार उरत नाही. कोमट पाणी प्यावे, ते चांगलेच आहे.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्याच्या सज्जाला आग्या मोहोळ लागले आहे. काही सभासद रात्री जाळून टाका म्हणतात, काही औषध फवारून मध काढून वाटू म्हणतात. काय करावे?
— सोसायटीचे सचिव, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : दोन्ही करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. टेंभा लावून मोहोळ जाळले की हजारो माश्या मरतात, उरलेल्या अंधारात उजेडाच्या खिडक्यांकडे धावतात, आणि आपण वसाहतीतलीच माणसे धोक्यात घालतो. फवारणी केलेल्या पोळ्यातला मध तर कोणाच्याही पोटात जाऊ देऊ नका.

आग्या माशी फिरस्ती आहे. परिसरातला फुलोरा संपला की ती पोळे सोडून दूरवर निघून जाते, म्हणून शक्य असेल तर तिला तेवढी मुदत द्यावी. तोवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावावी, रात्री सज्जातला दिवा बंद ठेवावा, खाली शेकोटी किंवा फटाके करू नयेत आणि मुलांना दगड मारू देऊ नये. एक माशी चावली की डंखाबरोबर सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात. तेव्हा हात न झटकता तोंड झाकून घरात पळावे, नांगी नखाने लगेच खरवडून काढावी, आणि अनेक डंख झाले किंवा ओठ सुजले, धाप लागली तर क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे.

मुदत देणे खरोखरच अशक्य असेल, तर संरक्षक पोशाख घालून मोहोळ हाताळणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवावे. आग्या माशी मध साठवते तो पोळ्याचा फांदीकडचा किंवा सज्जाकडचा वरचा, फुगीर भाग; खालच्या भागात अंडी आणि अळ्या असतात. जाणकार माणूस वरचा भागच कापतो आणि वसाहत जिवंत राहते. विदर्भात अनेक संग्राहकांनी ही पद्धत शिकून घेतली आहे आणि त्यांना त्याच मोहोळातून पुन्हा मध मिळतो. माश्या आपणहून निघून गेल्यावर सज्जाला चिकटलेले मेण पूर्ण खरवडून ती जागा धुवावी आणि रंगवून घ्यावी, कारण आग्या माशी जुन्या जागी परत येते आणि मेणाचा वास तिला तेथे बोलावतो.