शिक्षण सल्ला: सीईयूचे तास आणि पदवीची क्रेडिट्स

प्रश्न : अमेरिकेत, न्यू जर्सीत, सहा वर्षे एका डे-केअरमध्ये शिकवते. दरवर्षीची प्रशिक्षणे धरून 14.5 सीईयू (कंटिन्यूइंग एज्युकेशन युनिट, म्हणजे नोकरीतल्या प्रशिक्षणाचे एकक) जमले आहेत. आता कम्युनिटी कॉलेजात बालशिक्षणाची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घ्यायची आहे. या सीईयूची किती क्रेडिट्स मिळतील?

आपोआप एकही मिळणार नाही. मात्र कागद फेकू नका.

आधी हिशेब पाहू. 1 सीईयू म्हणजे 10 तासांचे प्रशिक्षण, म्हणजे तुमचे 145 तास झाले. कॉलेजचे एक सेमिस्टर-क्रेडिट म्हणजे साधारण 15 आठवडे, आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास घरचा अभ्यास. एकूण 45 तास. नुसते वर्गाचे तास मोजले तर तुमच्याकडे साडेनऊहून थोडी जास्त क्रेडिट्स दिसतात, घरचा अभ्यास धरला तर जेमतेम तीन. पण कॉलेज हा भागाकार करतच नाही. सीईयू हजेरीवरही मिळतो. क्रेडिट मात्र परीक्षा, लेखन, गुण असे काहीतरी तपासल्यावरच मिळते.

हा गैरसमज पसरण्याचे एक कारण तुमच्याच क्षेत्रात आहे. सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) या बालशिक्षकांच्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी 4.5 सीईयू किंवा 3 क्रेडिट्सचा एक कोर्स, दोन्ही चालतात. त्यावरून 4.5 सीईयू म्हणजे 3 क्रेडिट्स असे सूत्र तोंडोतोंडी फिरते. ते समीकरण फक्त त्या नूतनीकरणापुरते आहे, कॉलेजचा रजिस्ट्रार ते मानत नाही.

आमच्या मते तुमच्यासाठी सरळ वाट सीडीएचीच आहे. ते नसेल तर आधी घ्या. त्याला 120 तासांचे प्रशिक्षण लागते: आठ ठरलेले विषय, प्रत्येकात किमान 10 तास. शिवाय गेल्या तीन वर्षांत मुलांसोबत केलेले 480 तासांचे काम लागते, ते तुमचे केव्हाच झाले आहे. तुमच्या 145 तासांपैकी बरेच यात बसू शकतात. मात्र संमेलनातली सत्रे आणि एकट्यादुकट्या सल्लागाराने घेतलेले वर्ग धरत नाहीत. प्रशिक्षण संस्थेचे हवे. तासांची बेरीज बहुधा पुरते. अडते ते विषयवाटणीत. प्रथमोपचार आणि सुरक्षिततेचे तास ढीगभर आणि निरीक्षण-नोंदींचे चारच, असे झाले की उरलेले सहा तास नव्याने करावे लागतात. सीडीए हाती आले की बरीच कम्युनिटी कॉलेजे त्याला ठरलेली क्रेडिट्स देतात. आकडा कॉलेजागणिक बदलतो. तो प्रवेशाआधी लेखी घ्या.

दुसरी वाट पोर्टफोलिओची. ‘माझे सीईयू बदलून द्या’ असे विचारले तर नकारच येईल. ‘पूर्वशिक्षणाचे मूल्यमापन करता का’ असे विचारा. तुम्हाला कॉलेजच्या यादीतला एकच कोर्स निवडावा लागतो. समजा, ‘बालविकास’. त्याच्या अभ्यासक्रमपत्रिकेत विद्यार्थ्याला काय यायला हवे ते मुद्दे दिलेले असतात. प्रत्येक मुद्द्यापुढे तुम्ही ते कुठे शिकलात, वर्गात कसे वापरले हे लिहायचे आणि पुरावा जोडायचा: प्रशिक्षणाची रूपरेषा, तुमचे पाठ-नियोजन, मुलांची नावे झाकलेल्या निरीक्षण-नोंदी, मुख्याध्यापिकेचे पत्र. नुसते प्रमाणपत्र हा दुबळा पुरावा, कारण त्यात फक्त तास असतात. अर्ज नाकारले जातात ते बहुधा अनुभव लिहिल्यामुळे. ‘सहा वर्षे शिकवले’ याला क्रेडिट नाही. शिकवताना काय कळले, त्यामागचा सिद्धांत कोणता, याला आहे. दरवर्षी तेच सीपीआरचे (बंद पडलेले हृदय-श्वसन चालू ठेवण्याच्या प्रथमोपचाराचे) प्रशिक्षण केले असेल तर सहा वेळा धरले जात नाही. शुल्क मूल्यमापनाचे असते, क्रेडिट नाकारले तरी ते बहुधा परत मिळत नाही.

आणखी एक गोम. मिळालेली क्रेडिट्स ‘मुक्त ऐच्छिक’ खात्यात पडली आणि तुमच्या पदवीत त्या खात्यात जागाच नसली, तर उपयोग शून्य. म्हणून ती नेमक्या कोणत्या कोर्सच्या जागी बसतील हे विचारा. पुढे चार वर्षांच्या पदवीकडे वळायचे असेल तर त्या कॉलेजलाही आत्ताच विचारा. एका ठिकाणी मान्य झालेले पोर्टफोलिओ-क्रेडिट दुसरीकडे धरतीलच असे नाही. तुमच्याच राज्यात ट्रेंटनचे थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी प्रौढ विद्यार्थ्यांच्या अशा मूल्यमापनासाठी प्रसिद्ध आहे.

प्रश्न : कंपनीतर्फे केलेल्या ऑनलाइन आयटी कोर्सवर ‘एसीई क्रेडिट शिफारस’ असे लिहिले आहे. हे क्रेडिटच ना?

शिफारस आहे, क्रेडिट नव्हे. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन प्राध्यापकांकडून कोर्स तपासून घेते आणि किती क्रेडिट्स, कोणत्या पातळीची, ते सुचवते. मानायचे की नाही हे कॉलेज ठरवते. दोन गोष्टी तपासा. शिफारशीला तारखांची मर्यादा असते. तुम्ही कोर्स त्या मुदतीत पूर्ण केलेला हवा. आणि कॉलेजला प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट नव्हे, अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (कोर्स आणि क्रेडिट्सचा उतारा) लागते.

प्रश्न : शिक्षकांच्या उन्हाळी कार्यशाळेचे सीईयू घेतले. आता पदव्युत्तर क्रेडिट मिळेल?

कार्यशाळा संपल्यावर सहसा नाही. काही विद्यापीठे अशा कार्यशाळांना क्रेडिट जोडतात, पण नोंदणी आणि वेगळे शुल्क सुरुवातीलाच भरायचे असते, शिवाय एक लेखी काम द्यावे लागते. ती क्रेडिट्स पगारश्रेणीसाठी चालतात; एमएडमध्ये धरतात का, हे आधी विचारा.

प्रश्न : पुण्यात नोकरी करतो. एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे) 12 आठवड्यांचे दोन कोर्स केले आहेत. एमएस्सीला प्रवेश घेतल्यावर ते धरतील का?

परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा दिली असेल तरच पुढे वाचा. नुसते व्हिडिओ पाहिले असतील तर क्रेडिटचा प्रश्नच येत नाही. 12 आठवड्यांच्या कोर्सला साधारण 3 क्रेडिट्स धरतात. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून (एनपीटीईएलचे कोर्स त्यावरच असतात) घेता येतात, पण कोणते कोर्स चालतील हे विद्यापीठ सत्राच्या सुरुवातीला ठरवते. आधीच केलेले कोर्स त्या यादीत असतील तरच आशा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याची क्रेडिट्स साठवणाऱ्या सरकारी डिजिटल खात्यात) जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. तुमचे नाव आणि जन्मतारीख आधार आणि कोर्सच्या नोंदणीत तंतोतंत जुळते का, ते आजच पाहा. क्रेडिट खात्यात न दिसण्यामागे बऱ्याचदा एवढेच निघते.